ओली अनुकेत

२ जून, चँडलर

आज या घरातल्या माझ्या हातच्या वस्तूंची उजळणी. विम्यासाठी नाही, कुणाला दाखवायला नाही. मलाच एकदा ओळीनं बघायच्या होत्या.

जेवणाचं टेबल, मेस्किटच्या लाकडाचं, एकही खिळा नाही. देव्हारा, दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी, कुणीही येऊन बघावी. स्वयंपाकघरातले सगळे कप्पे. मागच्या अंगणातला मांडव. गराजमधलं कामाचं बाक. शाडूचे गणपती, इथे आल्यापासून दर वर्षी. पहिले दोन तडकले, त्यानंतर एकही नाही. न.ची पाण्याची बाटली, प्यायचं पाणी मोजायला तिच्यावर औंसाच्या रेघा मी कोरल्या. आणि सगळ्यात नवा, न.च्या पलंगावरचा उतरता टेका, प्लाय आणि फोमचा. तिला सपाट झोपता येत नाही. आडवी झाली की छातीत पाणी चढतं, श्वास पुरत नाही.

(न. म्हणजे नलिनी. बायकोचं नाव पुरं लिहायला काही हरकत नाही, पण या वहीत ते दर ओळीत येणार.)

यातलं काही कुणी शिकवलं नाही. नागपूरला बी.कॉम. झालो. इथे आलो तो न.च्या व्हिसाला लटकून, डिपेंडंट. ती ऑफिसला जायची, मला कामाची परवानगी नव्हती. पार्टीत लोक विचारायचे, "मग तुम्ही दिवसभर करता काय?"

हे केलं.

५ जून

स्कॉट्सडेलच्या मिसेस हॅलोरनचा फोन. मंडळाच्या स्टॉलवरून दोन वर्षांपूर्वी माझा गणपती घेऊन गेल्या होत्या त्या. आता त्यांना हॉलमधल्या कोनाड्यात देवी हवी आहे, इजिप्तची, नदीची. अनुकेत. सोबत फोटो पाठवलाय, कुठल्याशा गिफ्ट शॉपमधल्या पुतळ्याचा. डोक्यावर गाईची शिंगं! ती दुसऱ्या देवीची. अनुकेतला उंच पिसांचा मुकुट असतो, सरळ उभा, वर जरा फाकलेला. तसं कळवलं. उत्तर आलं, "म्हणूनच तुम्हाला विचारलं."

अठराशे डॉलर ठरले. न. आजारपणाच्या रजेवर आहे, पगार अर्धा येतोय. हो म्हणालो.

११ जून

आठवडाभर वाचन. नाईल जिथे खडकांवरून उड्या मारत इजिप्तमध्ये शिरते, तिथली ही देवी. एका हातात कमळदांड्यासारखा, खरं तर पपायरसचा दंड, दुसऱ्या हातात ती फासाच्या आकाराची जीवनाची खूण. तिच्याच देवळातला मोठा देव कुंभार. चाकावर माणसं घडवतो. कुणी त्याला तिचा बाप म्हणतं, कुणी नवरा. म्हणजे घरातलंच काम.

नावाचा अर्थ कवटाळणारी. दोन काठ नदीला कवटाळतात, त्यावरून म्हणे.

हॅ.बाईंनी विचारलं, भाजणार ना? मी भाजत नाही. शाडू भाजायची माती नव्हेच. आयसेलिनच्या दुकानातून पोती मागवतो, इतकी वर्षं तीच. "पण नदीची देवी आणि कच्ची माती?" म्हणाल्या. म्हटलं, कोनाड्यात ठेवणार की नदीत?

न.च्या पायांची सूज आज जास्त. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा राहतो. ओल्या शाडूत राहतो तसाच, काठ गोल. बघायला नको वाटतं, पण माझा हात जातोच तिकडे.

१९ जून

झाली. मुकुटासकट दोन फूट. दंड वेगळा केला नाही, अंगच्याच मातीतून काढला. दंड आणि जीवनाची खूण धरलेले दोन्ही हात अंगालगत सरळ खाली. हात आणि कंबर यांच्यामधून तार घालून माती कापली, अंगठा आरपार जाईल एवढी जागा. पिसांच्या शिरा दाभणानं.

डोळे शेवटी, आपल्या रिवाजानं. बुबुळाची रेघ ओढली आणि कोरणी खाली ठेवली. एरवी या क्षणी मी दोन पावलं मागे जाऊन बघतो. आज नाही गेलो. का, ते सांगता येत नाही. गराजमध्ये उकाडा होता, बाहेर एकशे दहा फॅरनहाइट, आणि मूर्तीजवळ उभं राहिलं की गार लागत होतं. ओल्या मातीला लागतं तेवढंच. असेल.

२० जून

न. आज कितीतरी दिवसांनी गराजपर्यंत चालत आली. मधे भिंतीला धरून थांबली. हातात ताट. नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू.

"हे काय?"

"ओटी."

"कुणाची?"

"हिची. बाईमाणूस आलंय घरात. असंच उभं ठेवायचं का तिला?"

"नलू, ही इजिप्तची आहे. तिला काय कळणार ओटीबिटी."

"तुम्हाला इजिप्तचं कळतं, तर तिला माझ्या साताऱ्याचं कळेल."

कुंकू लावलं. ओल्या कपाळावर बोटाचा ठसा उमटला. मी पुसायला गेलो तर माझा हात धरला. मग गौरींना म्हणतात त्या सुरात, धापा टाकत: "आलीस तशी राहा गं बाई. आपलंच घर समज. हवं ते घे, अनमान करू नकोस."

मला हसू आलं. तीही हसली, मग खोकला.

२८ जून

वाळत नाही.

या वाळवंटी हवेत शाडू दुसऱ्या दिवशी पांढरी पडायला लागते. माझं सगळं कौशल्य ती हळू वाळवण्यात आहे, ओली फडकी, प्लास्टिक, सावली. हिच्यावरचं फडकं मी चौथ्या दिवशी काढलं, प्लास्टिक काढलं, गराजचं दार उघडं टाकलं, पंखा लावला. काल दुपारभर बाहेर उन्हात ठेवली. खालचं काँक्रीट इतकं तापलं होतं की चप्पल चिकटत होती. संध्याकाळी हात लावला. आत्ताच घडवल्यासारखी.

पोत्यातली उरलेली माती दगड झाली आहे.

ओटीचा नारळ उचलून हलवला. वाजला. आत गोटा सुटून खुळखुळतोय. इंडियन स्टोअरमधून मी स्वतः पाणी वाजवून आणलेला नारळ, आठ दिवसांत खोबरं?

४ जुलै

सुट्टी. न. म्हणाली, कढीपत्ता गेला. सकाळी पाणी घातलं होतं, कुंडी बोटभर खोल कोरडी. पानं हातात घेतली तर चुरा. देव्हाऱ्यातली फुलं दुपारपर्यंत कागद होतात. कणीक झाकून ठेवली तरी वर साल. ईशाच्या आईनं (म्हणजे न.नंच, ईशा आमची मुलगी, नेपरव्हिलला असते) लिंबाचं लोणचं उघडलं, बरणीत रस नाही, फोडी मिठाच्या खड्यांसारख्या.

"ए.सी.नं होतं असं," मी म्हणालो.

"एवढ्या वर्षांत कधी झालं नाही ए.सी.नं."

पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट न.चे पाय. तिनं बोलावून दाखवले. घोटा दिसतोय. हाड! मी अंगठा दाबला. खड्डा भरून आला.

तिनं जोडवी काढून आणली डबीतून. हिवाळ्यापासून बोटात जात नव्हती. गेली. आम्ही दोघं तिच्या पायाकडे बघत बसलो, नव्या लग्नातल्यासारखे.

१० जुलै

हृदयाच्या डॉक्टरांकडे. फुप्फुसं मोकळी. त्यांनी स्वतःच्या नव्या गोळीला श्रेय दिलं. ती गोळी न. मे महिन्यापासून घेते आहे आणि मे-जूनमध्ये त्या गोळीनं काही केलं नाही. न. गाडीत गाणं गुणगुणत होती. घरी आल्यावर टेक्यावरून उशी खाली काढली. सपाट झोपली दुपारी. मी दारात उभा राहून तिचं पोट वरखाली होताना बघितलं.

१३ जुलै

न. रोज सकाळी वजन करते, डॉक्टरांचा नियम. तो काटा आज मी गराजमध्ये नेला. आधी स्वतः उभा राहिलो, मग मूर्ती उचलून उभा राहिलो, वजाबाकी केली. घडवली तेव्हाही अशीच वजनाला घेतली होती, मी प्रत्येक मूर्ती घेतो.

वाढलंय. थोडंथोडकं नाही.

न.चे रोजचे आकडे फ्रिजवर लावलेले असतात. शेजारी ठेवून बघितले. जेवढं तिकडे कमी, तेवढं इकडे. बाकी कढीपत्ता, फुलं, लोणचं धरलं तर तंतोतंत.

आकडे इथे लिहीत नाही. मी, ज्यानं दोऱ्याच्या जाडीएवढ्या फरकावरून मंडळातल्या लोकांशी भांडणं केली, आकडे लिहीत नाही.

शाडूला एवढं पाणी पेलवत नाही. केव्हाच चिखल होऊन बसायला हवी होती. पिसांच्या शिरासुद्धा मोडल्या नाहीत.

१९ जुलै

ईशाचा व्हिडिओ कॉल. आईला बघून रडली आनंदानं. नंतर मी तिला बाजूला घेऊन (म्हणजे फोन घेऊन अंगणात जाऊन) मूर्तीचं सांगितलं. सगळं नाही.

"बाबा, प्लीज. आई मेड्सनं बरी होतेय. यू नीड स्लीप."

"तू येऊन हात लावून बघ."

"आय अॅम अ सिव्हिल इंजिनीयर, बाबा. क्ले ड्राइज."

हे मला सांगते. मला!

गणपतीच्या ऑर्डरी सुरू केल्यात. पहिले तीन तडकले. सोंडेपासून पोटापर्यंत, दुपारी घडवलेले संध्याकाळी. फडकी पिळून गुंडाळली तरी फडकीच वाळतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी लोकांना फोन करून सांगितलं की या वर्षी जमणार नाही. एक काका म्हणाले, "तुमचं नाव ऐकून दिली होती ऑर्डर."

२४ जुलै

हॅ.बाईंची घाई. ओली तर ओली, कोनाड्यात कशी दिसते बघू द्या, दोन दिवस ठेवा. नाही कसं म्हणणार, अॅडव्हान्स घेतलाय. आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं, माझ्याच गराजमध्ये वाळत नाही की कुठेच नाही.

पुढच्या सीटवर पट्टा लावून नेली. वाटेत काचेवर आतून वाफ धरली, ए.सी. जोरात असताना. पुसत पुसत चालवली.

कोनाडा चांगला आहे, प्रकाश वरून. हॅ.बाईंचे नवरे वॉल्टर खुर्चीत, पाय स्टुलावर. पायमोज्यांच्या वर मांस फुगलेलं. मी ओळखलं. मला आता लांबून ओळखू येतं. ते मूर्तीकडे बघून म्हणाले, "हिला तहान लागलेली दिसते."

न.चा निरोप होता, तिला एकटी सोडू नका, दहीभात दाखवून पाठवा. मी काही दाखवलं नाही. दोन दिवसांनी आणायचीच होती.

२६ जुलै

दुपारी न. ओट्यापाशी वाकली आणि सरळ होईना. ओठ निळे. मी ९११ लावला. अँब्युलन्समध्ये ती माझ्या बोटांना धरून होती आणि तिच्या बोटांवर माझ्या बोटांचे खड्डे पडत होते.

हॉस्पिटलनं शिरेतून औषध देऊन पाणी काढलं. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं अचानक भरतं. किती अचानक? कालपर्यंत जोडवी सैल होती, आज नर्सनं कातरीनं कापून काढली.

तिला गुंगी आली तसा मी स्कॉट्सडेलला गेलो. हॅ.बाईंनी दार उघडलं. रडून उठल्यासारख्या, पण खूश. वॉल्टर दोन रात्री सपाट झोपले. वर्षभरात पहिल्यांदा. "तुम्ही आणलीत तेव्हापासून हवाच बदलली घराची." त्यांच्या खिडकीतल्या ऑर्किडच्या देठांना काही उरलं नव्हतं. त्यांचं लक्ष नव्हतं तिकडे.

मी म्हणालो, मूर्तीला तडा गेलाय, न्यावी लागेल.

"कुठे? मला तर दिसत नाही."

"मला दिसतो," म्हणालो.

माझ्या तोंडून माझ्याच कामाबद्दल. उचलली, आणली होती तेव्हापेक्षा जड. वॉल्टर खुर्चीतून बघत होते. अॅडव्हान्स टेबलावर ठेवून आलो.

३० जुलै

न. घरी. पाय उतरायला लागलेत. मूर्ती गराजमध्ये, पलंगाच्या भिंतीपलीकडे. मीच तिथे लावली, भिंतीला चिकटून.

५ ऑगस्ट

नवी वस्तू केली. चाकांचा पाट. ओकची प्लाय, चार फिरती चाकं, त्यातल्या दोनांना ब्रेक. विचार असा: जवळ असली की ओढते, लांब नेली की सुटते. म्हणजे तोटी आहे. तोटी हाताशी असली की झालं. न.ला सूज दिसली की पाट भिंतीशी, ओठ सुकले की पाट दाराशी. गराजच्या फरशीवर खडूनं खुणा केल्या.

न.ला दाखवलं. ती पाटाकडे बघत राहिली.

"पाहुणीला असं ढकलतात का कुणी?"

"पाहुणी नाही ती. काम आहे माझं."

"तुमचं काम तुमचं ऐकेल. मी बोलावलेली माझं ऐकेल का, ते कुणी बघितलंय."

१२ ऑगस्ट

चाललंय! आठवडाभर घोटे जसेच्या तसे. ना फुगले, ना आटले. न. दुपारी उठून भाजी निवडते, माझ्या चुका काढते, फोनवर बहिणीशी तासभर बोलते. डॉक्टरांना जे जमलं नाही ते चार चाकांवर जमवलं. कुणाला सांगायची सोय नाही, एवढंच दुःख.

१९ ऑगस्ट

हात बदललेत.

कंबर आणि हात यांच्यामधून मी अंगठ्याएवढी जागा तारेनं कापली होती. आज पुसताना माझा पंजा गेला आरपार. कोपरं अंगापासून सुटलीत. दंडाचं टोक पाटाच्या कडेबाहेर आलंय.

ओली माती बसते. मान्य. पण बसते म्हणजे खाली येते. ही पुढे आली आहे. दोन्ही हात, सारखे, घराच्या दाराच्या दिशेनं. मी मूर्ती फिरवून तोंड रस्त्याकडे केलं. जेवून येऊन बघितलं, पाट तसाच होता, ब्रेक लावलेला, चाकांजवळच्या खडूच्या खुणा जुळत होत्या. तोंड घराकडे.

न. झोपली होती. घरात तिसरं कुणी नाही.

कपाळावरचा बोटाचा ठसा आहे अजून. कुंकू ओलं.

२६ ऑगस्ट

पाट दारापर्यंत नेला. मग दाराबाहेर. मग मागच्या अंगणाच्या टोकाला, कुंपणाशी, मांडवाच्या पलीकडे. फरक पडत नाही. खडूच्या खुणांचा उपयोग संपला. आता कुठेही असली तरी तेवढंच ओढते. शेजाऱ्यानं कुंपणावरून विचारलं, तुमच्याकडे पाइप फुटलाय का, माझ्या पूलचं पाणी रोज खाली जातं. म्हटलं, बघतो.

न.चे पाय आता काड्या. हातावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, वाळत घातलेल्या फडक्यासारखी. डॉक्टरांनी पाणी उतरवायची गोळी बंद केली. वर पाणी वाढवा म्हणाले. ज्या बाटलीवर रेघा कोरून मी घोट मोजायचो, ती आता दिवसातून कितीदा भरतो. पिते, आणि पुन्हा ग्लास पुढे करते.

ईशा फोनवर म्हणाली मी येते, तिकीट बुक करते. न.ला रडू आलं. चेहरा रडका झाला, खांदे हलले, डोळे कोरडे. तिनं बोटानं डोळ्याखाली चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं.

३ सप्टेंबर

न. आज उठून स्वयंपाकघरात गेली, भात टाकला. दही काढलं. मी विचारलं कशाला.

"पाठवते तिला. गौरी जातील त्या दिवशी हिलाही. दहीभात दाखवू, जागेवरून हलवू, कॅनॉलमध्ये सोडू. माती आहे, विरघळेल."

"कॅनॉलमध्ये टाकायला बंदी आहे."

"मग टबात."

"नलू, आणि परत सूज आली तर? त्या दिवशीसारखं? ती दोन दिवस नव्हती फक्त."

"मग येईल सूज. सूज माझी आहे. तिला मी ओळखते, ती पायापासून चढते, मला कळवून चढते. ही कुणाची आहे?"

मी म्हणालो, थोडं थांब. अंतरानं जमत नाही तर दुसरं काही बघतो. जस्ताच्या पत्र्याची पेटी करून, आत मेण लावून, आत ठेवली तर. झडप ठेवायची पेटीला. मला जमेल.

ती ओट्याला टेकून माझ्याकडे बघत होती. ओठांना चिरा. "तुम्हाला सगळं जमतं," म्हणाली. टोमणा होता का नुसतं म्हणणं, कळलं नाही. इतक्या वर्षांत तिच्या आवाजातलं मला एवढं कळायचं.

भात तिनं कुणालाच दाखवला नाही. आम्हीच खाल्ला. दही घट्ट होतं, चक्क्यासारखं.

५ सप्टेंबर

पत्रा आणला. कापून झाला. कोपरे नीट बसले.

पेटीच्या मापासाठी मूर्ती मोजायला गेलो. हात आता इतके पुढे आलेत की पेटी ठरवल्यापेक्षा खोल करावी लागेल. दंड आणि खूण कुठे गेली कळत नाही. पंजे उघडे आहेत. मी पंजे उघडे केले नव्हते. बोटं वेगवेगळी, मी कोरली असती तशी, नखांसकट.

माप घेताना वाकलो होतो. मान ओली झाली. मी पटकन मागे झालो, आणि मग ओठांवरून जीभ फिरवली तर ओठ फुटलेले.

६ सप्टेंबर

हॅ.बाई आल्या. फोन न करता, भर दुपारी. गाडी रस्त्यावरच ठेवली, इंजिन चालू. मी अंगणात पत्र्याला मेण लावत होतो. उन्हात उभ्या राहिल्या, हॅट नाही, गॉगल नाही. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या. मूर्ती दाखवा असंही म्हणाल्या नाहीत. कुंपणाच्या टोकाकडे एकदा नजर गेली, तिथे ताडपत्रीखाली काय आहे त्यांना सांगावं लागलं नाही.

"तडा नव्हता ना?"

"नव्हता."

"वॉल्टर परत बसून झोपतो. तुम्ही नेलीत त्याच दिवसापासून." मग त्यांनी स्वतःच्या मनगटावर अंगठा दाबून दाखवला आणि उचलला. त्यांच्या मनगटावर काही उमटलं नाही, पण मला कळलं त्या काय दाखवतायत. या देशात इतक्या वर्षांत मला कुणी काही इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

"तुमच्या मिसेसना पण तेच आहे," म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"होतं."

"आता कशा आहेत?"

मी म्हणालो, बऱ्या आहेत. तेवढ्यात त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत न. उभी होती, नळाखाली ग्लास धरून. प्यायली. परत धरला. परत प्यायली. गाऊन खांद्यावरून घसरत होता. तिनं आम्हाला बघितलं की नाही, सांगता येत नाही.

हॅ.बाई बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता जातील. हे बघून कुणीही जाईल.

"थोडे दिवस तरी," म्हणाल्या. "मग तुम्हाला परत. मग परत मला. आपण वाटून घेऊ. तिलाही त्यानं बरंच वाटेल." न.कडे बोट केलं. शहाणी बाई. हे मला सुचायला हवं होतं. पाट, खडू, पेटी, सगळं केलं, आणि हे सुचलं नाही.

आणि तरी मी त्यांच्याकडे बघताना एवढंच बघत होतो की ही एकदा नेईल आणि परत आणणार नाही. मी आणली असती का? मी एकदा खोटं बोलून आणलीच आहे.

मी म्हणालो, काम अजून अपुरं आहे. अपुरी वस्तू मी हाताबाहेर देत नाही.

मग त्यांनी रक्कम सांगितली. सेडोनाचं घर विकलंय म्हणाल्या, पैसे बँकेत आहेत, सोमवारी चेक. आवाज अगदी साधा, दुकानात विचारतात तसा. खिडकीत आता कुणी नव्हतं, नळ चालू राहिला होता.

दोन लाख साठ हजार डॉलर. नाही म्हणालो.